बास नको, बासचे शास्त्र हवे

गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या वाढली, कृषी पर्यटनाची केंद्रे उभी राहिली आणि त्यांबरोबर एक नवा प्रश्न मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांपुढे येऊ लागला. तळ्याकाठी बसून हौसेने गळ टाकणारे पर्यटक यावेत, यासाठी अमेरिकी चित्रफितींत दिसणारा, गळाला लागताच पाण्याबाहेर उसळी घेणारा ‘लार्जमाउथ बास’ हा मासा आपल्या तळ्यांत सोडता येईल काय, असा तो प्रश्न. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. एक-दोन एकरांचे पाणी केवळ सिंचनासाठी राखण्यापेक्षा त्यातून चार पैसे अधिक मिळावेत, ही अपेक्षाही रास्त आहे. तथापि या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते. मात्र एवढे सांगून थांबणे बरे नव्हे. बासच्या निमित्ताने अमेरिकेत लहान तळ्यांचे जे शास्त्र उभे राहिले, ते आपल्या गावतळ्यांना आणि पाझर तलावांना मोलाचे आहे. मासा तिकडेच असू द्यावा आणि शास्त्र मात्र जरूर घ्यावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

शेतकऱ्याच्या तळ्यातील मासा

लार्जमाउथ बास, म्हणजे शास्त्रीय परिभाषेत मायक्रोप्टेरस सॅल्मॉइड्स, हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील संथ पाण्याचा रहिवासी. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळसर पट्टा आणि डोळ्याच्याही मागे पोहोचणारा जबडा ही त्याची ओळख. पाणवनस्पतींच्या अथवा बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला तो दबा धरतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच त्यावर झडप घालतो. त्याच्या या स्वभावामुळेच गळाने मासे धरणाऱ्यांना तो प्रिय झाला.

जॉर्ज पेरी नावाच्या वीस वर्षांच्या तरुण शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यातील मॉन्टगोमेरी लेक या लहानशा पाण्यात सुमारे १०.०९ किलोग्रॅम वजनाचा बास धरला. ते महामंदीचे दिवस होते. मासा मोजून झाला, त्याची नोंद झाली आणि मग तो घरच्यांच्या ताटात गेला. हा विश्वविक्रम पुढे ७७ वर्षे अबाधित राहिला. विक्रमापेक्षाही त्यामागची परिस्थिती आपल्याला अधिक सांगून जाते. बास हा तेथे केवळ हौशी लोकांचा मासा नव्हता. तो ग्रामीण कुटुंबाच्या आहाराचाही भाग होता.

त्याच दशकात अमेरिकेत जमिनीची प्रचंड धूप झाली आणि मृद्‌संधारणाच्या मोहिमेत शेतोशेती तळी खोदली गेली. तळी झाली, पण त्यांत मासे किती आणि कोणते सोडावेत हे कोणास नेमके ठाऊक नव्हते. कोणी मनास येईल तितके मासे सोडी आणि दोन-तीन वर्षांत तळे बोटभर लांबीच्या, खाण्यास निरुपयोगी माशांनी भरून जाई. हे चित्र आपल्याला अपरिचित नाही. तिलापियाने भरलेली आपली कितीतरी गावतळी आज याच अवस्थेत आहेत.

स्विंगल यांचे गणित

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर दिले ते अलाबामा राज्यातील ऑबर्न येथील संशोधक होमर स्कॉट स्विंगल यांनी. १९३० च्या दशकापासून त्यांनी प्रायोगिक तळ्यांची मालिका उभारली, त्यांत निरनिराळ्या प्रमाणांत मासे सोडले आणि ठरावीक काळानंतर पाणी पूर्ण उपसून प्रत्येक मासा मोजला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत संतुलित आणि असंतुलित तळ्याची संकल्पना सविस्तर मांडलेली आहे.

तिचा गाभा असा. तळ्यात भक्ष्य म्हणून ब्लूगिल हा लहान मासा आणि भक्षक म्हणून बास सोडावा. खत घातलेल्या तळ्यासाठी एकरी सुमारे १,००० ब्लूगिल आणि १०० बास, म्हणजे दहास एक, हे प्रमाण रूढ झाले. ब्लूगिल उन्हाळाभर पुनःपुन्हा अंडी घालतो. बास त्याची पिल्ले खातो. त्यामुळे उरलेल्या ब्लूगिलना पुरेसे अन्न मिळून ते ताटात वाढण्याजोगे मोठे होतात आणि बासही पोसला जातो. बास कमी पडले की ब्लूगिलची गर्दी होते, त्यांची वाढ खुंटते, आणि हे भुकेले मासे बासच्या घरट्यातील अंडीच फस्त करतात. मग बासची नवी पिढी जन्मतच नाही. उलट बास फार झाले तर ते अर्धपोटी राहतात. डोके मोठे आणि अंग रोडावलेले असे बास गळाला लागू लागले की तळ्यात भक्षकांची दाटी झाली आहे, हे जाणत्या माणसाच्या ध्यानात येते.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या विरुद्ध जाणारा आहे. मासे न धरणे म्हणजे तळ्याचे रक्षण करणे, असे आपण मानतो. स्विंगल यांच्या तळ्यांनी दाखवले की योग्य आकाराचे मासे योग्य संख्येने काढत राहणे हा संतुलनाचाच भाग आहे. गळ हे तेथे व्यवस्थापनाचे अवजार ठरते. काय धरले, किती लांबीचे होते, किती परत सोडले, याची वही ठेवणारा तळ्याचा मालक हाच त्या तळ्याचा पहिला संशोधक असतो. वर्षातून एकदा लहान ओढजाळे फिरवून त्यात कोणत्या आकाराची किती पिल्ले येतात हे पाहिले, तरी तळ्याचा तोल कोणीकडे झुकला आहे ते कळते. त्यास प्रयोगशाळा लागत नाही.

मासा गेला, शास्त्र मागे राहिले

दुर्दैवाने जगभर उलटे घडले. बास सर्वत्र पोहोचला आणि त्याला तोलून धरणारी ही शिस्त मागेच राहिली. जपानमध्ये १९२५ साली एका उद्योजकाने कानागावा प्रांतातील आशी सरोवरात अमेरिकेहून आणलेले बास सोडले. पुढे हौशी लोकांनी ते ठिकठिकाणी नेले आणि १९७४ च्या सुमारास ते बिवा या प्राचीन सरोवरात आढळले. बिवा सुमारे ४० लाख वर्षे जुने असून अन्यत्र न आढळणाऱ्या अनेक प्रजातींचे ते माहेर आहे. काठच्या वेतवनांचा ऱ्हास, बास आणि पाठोपाठ वाढलेला ब्लूगिल यांच्या एकत्रित माऱ्यात तेथील निगोरोबुना या माशाची घट झाली. याच माशापासून फुनाझुशी हा पारंपरिक पदार्थ बनतो. म्हणजे एका माशाबरोबर एका स्वयंपाकाच्या परंपरेलाही धक्का पोहोचला. ब्लूगिलची कथा तर अधिक बोलकी आहे. तत्कालीन युवराज अकिहितो यांना १९६० साली शिकागोच्या महापौरांकडून ते भेट मिळाले होते. स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ असलेल्या अकिहितो यांनी २००७ साली सम्राटपदावर असताना त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

पेरीच्या विक्रमाची बरोबरी करणारा बास २००९ साली याच बिवा सरोवरात धरला गेला. गळवाल्यांना तो आनंदाचा दिवस वाटला असेल. सरोवराच्या दृष्टीने मात्र परका भक्षक तेथे किती सुखाने नांदतो आहे, याचा तो पुरावा होता. तोवर शिगा प्रांताने धरलेला बास अथवा ब्लूगिल पुन्हा सरोवरात सोडण्यास २००३ पासून मनाई केली होती आणि २००५ मध्ये देशभर लागू झालेल्या कायद्यान्वये बास आक्रमक परकी प्रजात ठरला होता. ग्वाटेमालातील अतित्लान सरोवरात १९५८ च्या सुमारास पर्यटनासाठी बास सोडण्यात आले. तेथील न उडणारी पाणबुडी जगात अन्यत्र कोठेही नव्हती. बासने तिचे खाद्य आणि पिल्ले दोन्ही खाल्ली. इतर कारणांचीही त्यात भर पडली आणि तो पक्षी कायमचा नष्ट झाला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील १०० घातक आक्रमक प्रजातींच्या सूचीत बासचे नाव आहे, ते या अनुभवांवरून.

‘आमचे तळे बंदिस्त आहे, मासा बाहेर जाणार कोठे?’ असे कोणी म्हणेल. पावसाळ्यात ज्याने शेततळ्याचा सांडवा वाहताना पाहिला आहे, त्याला याचे उत्तर ठाऊक आहे. सांडव्याचे पाणी ओढ्याला जाते आणि ओढा नदीला. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर दक्षिण अमेरिकेतील अरापायमासारखे परके मासे नद्यांत सापडले, ते असेच कोणाच्या तरी बंदिस्त पाण्यातून निसटलेले होते. शिवाय सांडव्याला जाळी लावता येईल, परंतु शेजाऱ्याच्या हातातील बादलीला जाळी लावता येत नाही. आशी सरोवरातून बास जपानभर पसरला तो मुख्यतः माणसाच्या हातूनच.

दुसरा युक्तिवाद चीनचा दिला जातो. तेथे बासचे संवर्धन मोठ्या प्रमाणावर होते आणि उत्पादन कित्येक लाख टनांवर गेले आहे, हे खरे. परंतु तो दाट साठवणुकीचा, प्रथिनयुक्त खाद्यावर चालणारा उद्योग आहे. त्याचा आणि एका एकरातील हौशी गळाचा संबंध जोडणे योग्य नाही. आपल्या देशात परकी जलचर प्रजात आणण्यापूर्वी केंद्र शासनाच्या स्तरावर धोक्याचे मूल्यमापन आणि परवानगी आवश्यक असते. ही केवळ कागदी अडवणूक आहे असे ज्यास वाटेल, त्याने आपल्याच देशाचा इतिहास पाहावा.

मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आला. भरभर वाढणारा, गरिबाचा मासा म्हणून त्याचे स्वागत झाले. लवकर वयात येऊन वरचेवर प्रजनन करण्याच्या त्याच्या गुणामुळे अनेक तळ्यांत त्याची खुरटी गर्दी झाली. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात १९७१ साली चंदेरी मासा पुराबरोबर अनाहूतपणे शिरला. एकूण उत्पादन वाढले हे मान्य केले पाहिजे, पण तेथील कटल्याचे प्रमाण घसरले. सर्वांत अंतर्मुख करणारे उदाहरण तर स्वदेशी माशाचेच आहे. १८३९ साली सायक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्राला परिचित करून दिलेला आपला दख्खनी महाशीर लोणावळ्याजवळच्या केंद्रात यशस्वीपणे वाढवला गेला आणि सद्हेतूने कावेरीत सोडला गेला. आज कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर अत्यंत संकटग्रस्त आहे आणि त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत या पाहुण्याची गणना होते. परकेपणा देशाच्या सीमेवरून ठरत नाही, तो नदीच्या खोऱ्यावरून ठरतो, हा धडा महाराष्ट्रातल्या माणसाने तर विसरू नये.

आपला बास: मरळ

मग हौशी गळासाठी आणि तळ्याच्या संतुलनासाठी आपल्याकडे काय आहे? बासने जे काम करावे अशी अपेक्षा आहे, ते करणारा मासा आपल्या पाण्यात पूर्वापार आहे. तो म्हणजे मरळ. ती दबा धरून झडप घालणारी आहे, गळाला जोराने झुंजणारी आहे, आणि बाजारात जिवंत मरळीला कटला-रोहूपेक्षा चढा भाव मिळतो. हवेतील प्राणवायू घेऊ शकत असल्याने उन्हाळ्यात पाणी आटले तरी ती तग धरते. तेलंगणाने तिला राज्यमाशाचा मान दिला आहे.

आपल्या मिश्र मत्स्यसंवर्धनात मात्र मरळीचे स्थान शत्रूचे आहे. बीज सोडण्यापूर्वी हेक्टरी २,५०० किलोग्रॅम मोहाची पेंड टाकून तळ्यातील भक्षक व निरुपयोगी मासे मारावेत, असे आपण शिकवतो. लहान मत्स्यबीजाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण जी गावतळी कधी आटत नाहीत, ज्यांत पेंड टाकणे परवडत नाही अथवा पिण्याच्या पाण्यामुळे शक्य नसते, तेथे हा सल्ला निरुपयोगी ठरतो. अशा तिलापियाग्रस्त तळ्यांत कार्प मासे मरळीच्या तोंडात मावणार नाहीत इतके मोठे झाल्यावर, मोजक्या संख्येने मरळीची बोटुकली सोडणे हा स्विंगल यांच्या विचाराचा भारतीय अवतार होय. मरळीने तिलापियाची पिल्ले आवरल्याचे प्रयोग आशियात झालेले आहेत. मात्र दहास एक हे अलाबामाचे प्रमाण येथे उचलून लावणे चुकीचे ठरेल. ब्लूगिल आणि तिलापिया सारखे नाहीत, आणि बास व मरळही सारखे नाहीत. विदर्भातील बोडी, मराठवाड्यातील पाझर तलाव, कोकणातील तळी आणि बंगालमधील पुष्करिणी यांसाठी वेगवेगळी प्रमाणे प्रयोगांतीच ठरवावी लागतील. मरळीचे बीजही त्याच खोऱ्यातले असावे, कारण कावेरीचा धडा तिलाही लागू आहे.

बास आणि मरळ यांत आणखी एक साम्य आहे आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोघेही आपल्या पिलांची राखण करतात. वसंतात पाणी १५ अंशांच्या वर तापू लागले की नर बास शेपटीने तळ झाडून घरटे करतो आणि अंड्यांवर पहारा देतो. त्याला गळाने उचलले की काही मिनिटांत ब्लूगिल घरट्यावर तुटून पडतात. मरळही पावसाळ्यात पाणवनस्पतींमध्ये जागा करून अंडी घालते. पुढे नारिंगी रंगाच्या पिलांचा थवा पाण्यावर तरंगताना दिसतो आणि त्याच्या खाली आईबाप फिरत असतात. मासेमारांना ही खूण पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. थवा दिसला की त्याच्या खाली गळ सोडायचा. पिलांच्या काळजीने पिसाळलेली मरळ तो हमखास धरते. त्या दिवशी एक-दोन किलो मासा मिळतो आणि शेकडो पिल्ले निराधार होऊन दुसऱ्यांच्या पोटात जातात. बाजारात आज मरळ दुर्मीळ झाली म्हणून आपण हळहळतो. तिच्या दुर्मिळतेला पाणथळ जागांचा ऱ्हास कारण आहे, तसा हा सोपा गळही कारण आहे. पिलांच्या थव्याखालची मरळ धरू नये, एवढा एक नियम गावाने स्वतःहून पाळला, तरी कोणत्याही योजनेविना पुष्कळ साधेल.

काय करता येईल

हौशी मासेमारी ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. पश्चिम बंगालमध्ये तिकीट काढून तळ्याकाठी दिवसभर गळ टाकण्याची रीत रुळलेली आहे आणि तेथे मानाचे मासे रोहू व कटला हेच आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही मनोरंजनात्मक मत्स्यव्यवसायास स्थान आहे. २४ एप्रिल २०२२ रोजी आरंभ झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत प्रत्येक जिल्ह्यात ७५ तळ्यांचे उद्दिष्ट ठेवले गेले. पाणी आहे, मासे आहेत आणि हौसही आहे. उणीव आहे ती शिस्तीची.

ही शिस्त फार अवघड नाही. दिवसाला किती आणि कोणत्या आकाराचे मासे न्यावेत हे फलकावर लिहावे. परत सोडायचा मासा ओल्या हातांनी धरावा आणि गळाचा उलटा काटा दाबून ठेवावा. भर उन्हाळ्याच्या दुपारी, पाण्यातील प्राणवायू घटलेला असताना, धरून सोडण्याचा खेळ बंद ठेवावा. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्याचे उतार निसरडे असतात. तेथे पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी कुंपण, दोर आणि शिडी यांची सोय झालीच पाहिजे. मासा हाती लागला नाही तरी चालेल, माणूस पाण्यात जाता कामा नये. अशा अस्तराच्या तळ्यात मरळीला घरट्याजोगी वनस्पती नसते, हेही ध्यानात ठेवावे. तेथे दरवर्षी बीज सोडावे लागेल.

सामुदायिक तलावांबाबत एक सावधगिरी अधिक आहे. गावतळी आणि मालगुजारी तलाव यांवर ढीवर, भोई यांसारख्या समाजांच्या सहकारी संस्थांची उपजीविका अवलंबून आहे. शहरातील हौशी माणसाच्या गळासाठी त्यांचे जाळे बाजूला सारले जाऊ नये. हौशी मासेमारी व्हायची तर ती या संस्थांच्या हातून, त्यांच्या परवान्याने आणि त्यांच्या उत्पन्नात भर घालणारी असावी. कोणत्या वळणाला कोणता मासा कधी लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याइतका चांगला मार्गदर्शक पर्यटकाला दुसरा मिळणार नाही.

संशोधन संस्थांवरही यात जबाबदारी येते. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुळ येथे १० जुलै १९५७ रोजी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि नदीतून बीज गोळा करण्याची विवशता संपण्याचा मार्ग खुला झाला. मरळीच्या प्रजननाचे तंत्रही विकसित झाले आहे, परंतु पिल्ले एकमेकांस खातात, त्यांची वर्गवारी करावी लागते आणि बीज महाग पडते. ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत पुरेसे व स्वस्त पोहोचेल, तेव्हाच हा विचार प्रत्यक्षात येईल. त्याजोडीला निरनिराळ्या कृषी-हवामान विभागांत तळी निवडून, स्विंगल यांनी केले तसे, सोडलेला आणि निघालेला प्रत्येक मासा मोजणारे दीर्घकालीन प्रयोग हवेत. एका हंगामाच्या प्रात्यक्षिकाने संतुलन कळत नाही. तळ्याचा तोल तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसू लागतो.

एखाद्या शेतकऱ्याने उद्या पुन्हा विचारले की बास कोठे मिळेल, तर त्याला आपण आधी एक वही द्यावी. त्याच्या तळ्यात आज कोणते मासे आहेत, किती आहेत आणि केवढे आहेत, हे त्याने वर्षभर लिहावे. बहुधा वर्ष संपेपर्यंत त्याच्या ध्यानात येईल की परदेशी पाहुण्याची गरज त्याच्या तळ्याला नव्हतीच. गरज होती ती आपल्या पाण्याकडे बारकाईने पाहण्याची, आणि पावसाळ्यात पिलांच्या त्या नारिंगी थव्याखाली गळ न टाकण्याची.